माजघरातला उजेड

परवा भिशीत एका मैत्रिणीने विचारलं, ‘‘अगं, नातीच्या बारशाला घरीच फोटो काढायचे म्हणते. कॅमेरा कोणता घेऊ? डीएसएलआर की ते नवीन मिररलेस?’’ मी म्हटलं, ‘‘आधी सांग, फोटो काढणार कुठल्या खोलीत?’’ तिला वाटलं, मी विषय टाळतेय. पण हा प्रश्न मला फार महागात पडून कळलेला आहे, म्हणून म्हटलं सगळ्या मैत्रिणींनाच सांगावं.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि तळमजल्यावरचं होतं नव्हतं ते घेऊन गेलं. भांडी घासून घेतली, गाद्या टाकून दिल्या. पण कपाटातले अल्बम उघडायला गेलं तर फोटो एकमेकांना चिकटलेले. सोडवायला जावं तर चेहराच सुटून यायचा. माझा कॅमेरा तेवढा माडीवर होता म्हणून वाचला. कॅननचा १३०० डी, सोबत मिळालेल्या १८-५५ लेन्ससकट.

श्रावणात शेजारच्या काकू आल्या. म्हणाल्या, ‘‘तू फोटो काढतेस ना? आमच्या आजींचा एक नीट काढून दे गं. त्यांचे सगळे गेले. लग्नातलाही गेला, त्यांच्या आईचा होता तोही गेला. आणि हो, भिंतीवर हार घालायला नकोय हं, आत्ता बघायला हवाय!’’

आजी अठ्ठ्याऐंशीच्या. गुडघ्यांमुळे अंगणात यायच्या नाहीत. बसायच्या माजघरात, गजांच्या एका खिडकीपाशी. बाहेर पाऊस, आत दुपारी तीनलाच दिवेलागण झाल्यासारखं. मी वीस-बावीस फोटो काढले. एकही धड नाही! आजींची मान किंचित हलायची, तेवढ्याने चेहरा पुसल्यासारखा व्हायचा. फ्लॅश टाकला तर चेहरा पिठासारखा पांढरा आणि डोळे मिटलेले. काकू म्हणाल्या, ‘‘असू दे, पुन्हा कधीतरी.’’ अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ‘पुन्हा कधीतरी’ म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

तुम्ही म्हणाल, मोबाइल होता की! होता. पण माझा मोबाइल कमी उजेडात चेहरा गुळगुळीत करून टाकतो. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचा भाग धूसर करताना कानामागच्या चार बटा कापून टाकतो. आजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याच काढून टाकल्या तर फोटो कोणाचा राहिला?

माझी भिशी लागलीच होती. पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘मावशी, डीएसएलआर आता संपला. मिररलेसच घे.’’ दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, ‘‘ताई, तुमचा कॅमेरा उत्तम आहे, फक्त लेन्स बदला.’’ मी आपली मध्येच!

मग हिशेब घालायला बसले. लेन्सच्या तोंडापाशी आकडा असतो, एफ अमुक तमुक. आकडा जितका लहान तितकी लेन्सची खिडकी मोठी, उजेड जास्त. माझी जुनी लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडायचीच नाही. साधी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे ज्या फोटोला सेकंदाचा दहावा भाग लागत होता, तो साधारण शंभराव्या भागात निघतो. आजींची मान तेवढ्यात हलून हलून किती हलणार?

एफ १.४ ची लेन्स आणखी उजेड घेते, पण दीडपटीहून थोडाच जास्त. किंमत आणि वजन मात्र भलतंच वाढतं. आणि ८५ मिलिमीटरची? पोर्ट्रेटसाठी सगळे तिचं नाव घेतात. पण माझ्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिने अर्धा माणूस टिपायचा तर तीन मीटर मागे जावं लागतं. दहा बाय दहाच्या माजघरात पाठ कपाटाला लागते! ५० ला पावणेदोन-दोन मीटर पुरतात. आपल्या घरांना तीच बरी.

आता मिररलेस. गावातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून एक दुपार मागून आणला आणि खरं सांगते, मोह झाला. डीएसएलआरच्या पोटात आरसा असतो, फोटो काढताना तो खटकन वर उचलला जातो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. फोटो काळा येणार की पांढरा, ते बटण दाबायच्या आधीच दिसतं. आवाज बंद करता येतो, झोपलेलं बाळ दचकत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, तो माणसाचा डोळा स्वतः शोधून त्यावरच फोकस धरतो.

भाचाही खोटं बोलत नव्हता. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये मोठ्या सेन्सरचे मिररलेस आणले आणि २०२० नंतर दोघांचा नवा डीएसएलआर आलेला नाही. पण जुन्याची बॅटरी जास्त टिकते. निकॉनचा डी ३५०० एका चार्जमध्ये दीड हजारावर फोटो देतो, असं कंपनीच सांगते. मिररलेसला पडदा सतत चालू ठेवावा लागतो, त्यामुळे जास्तीची बॅटरी घ्यावीच लागते. आणि किंमत! मला दाखवलेला मिररलेस पन्नास हजारांच्या पुढे होता, माझ्या भिशीचे होते बारा हजार.

शेवटी निर्णय एका गोष्टीवर झाला. कॅननची ही जुनी लेन्स अॅडाप्टर लावून त्यांच्या नव्या आर मालिकेतल्या मिररलेसवर चालते, फोकससकट. उलटं मात्र होत नाही, मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर बसत नाही. म्हणजे कॅमेरा उद्या बदलला तरी लेन्स वाया जाणार नव्हती. म्हटलं, आधी खिडकी मोठी करू, घर मग बांधू.

लेन्स आली आणि पहिल्याच कार्यक्रमात फजिती झाली. पुतणीचं डोहाळजेवण. फोटो पाहिले तर नथीचा मोती काय सुरेख, एकेक टपोरा! आणि डोळे धूसर. दीड मीटरवरून एफ १.८ वर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. जरा जवळ गेलं की तोही निम्मा होतो. कॅमेरा नऊ ठिपक्यांतून हवा तो उचलतो, त्याला नथ आवडली! तेव्हापासून फोकसचा मधला एकच ठिपका निवडते, तो जवळच्या डोळ्यावर ठेवते, फ्रेम थोडी सैल धरते आणि उजेड पुरत असेल तर एफ २.८ वर येते.

दिवाळीनंतर पुन्हा आजींकडे गेले. त्यांना खिडकीकडे थोडं वळवून बसवलं, दिवा बंद केला, फ्लॅश नाहीच. काकूंना सांगितलं, त्यांच्याशी बोलत राहा. काकूंनी जुन्या कुळथाच्या पिठल्याचा विषय काढला, आजी त्यांना मीठ किती ते समजावू लागल्या आणि मी फोटो काढत राहिले.

मैत्रिणींनो, तुम्ही घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. घरात डीएसएलआर असेल तर आधी लेन्स घ्या. कॅमेराच नसेल आणि पैसे जमत असतील तर सरळ मिररलेस घ्या, पण सोबत एफ १.८ ची लेन्स हवीच. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, म्हणून जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, एएफ-एस मागा. वापरलेली लेन्स घेताना आतून टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्या कोकणच्या पावसात ती हमखास येते. लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. माझी लोणच्याच्या बरणीशेजारी नांदते!

आणि हो, आजींचा फोटो. मोठा करून नेला. त्यांनी चष्मा लावला, हातभर अंतरावर धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आवडला नाही की काय.

मग काकूंना म्हणाल्या, ‘‘अगो, ही तर माझी आई!’’