किनाऱ्यावरील जिवाणू पक्ष्यांचे की सांडपाण्याचे?

हिवाळा सुरू झाला की मोरजीच्या किनाऱ्यावर, शापोरा नदीच्या मुखाशी, कुरव पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. पर्यटन हंगामही नेमका त्याच सुमारास रंगात येतो. अशा दिवसांत एखाद्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात विष्ठाजन्य जिवाणू मर्यादेपेक्षा अधिक आढळले, तर त्याला जबाबदार कोण? पक्षी, मोकाट गुरे, की वस्त्यांमधून आणि हॉटेलांमधून झिरपणारे मैलापाणी? पाण्याच्या नेहमीच्या चाचणीला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

नेहमीच्या चाचणीची मर्यादा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार, समुद्रस्नानासाठी योग्य पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या १०० च्या आत असावी लागते. हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून मोजले जातात आणि त्यास दोन-तीन दिवस लागतात. मुख्य अडचण मात्र वेगळीच आहे. माणूस, गाय, कुत्रा, कोंबडी, कुरव अशा सर्वच उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत हे जिवाणू असतात. त्यामुळे पाण्यात विष्ठा मिसळली आहे एवढेच त्यांच्या संख्येवरून कळते. ती कोणाची, हे कळत नाही.

हा भेद आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मानवी मैल्यातून नोरोव्हायरस, कावीळ व विषमज्वर यांचे जंतू थेट माणसापर्यंत पोहोचतात. पक्ष्यांच्या विष्ठेतही कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे रोगकारक जिवाणू असू शकतात. परंतु जिवाणूंची संख्या सारखीच असताना कुरवांच्या विष्ठेपेक्षा मानवी मैल्यापासूनचा धोका बराच अधिक असतो, असे जोखमीच्या गणिती अभ्यासांत दिसून आले आहे.

जनुकीय ओळखपत्र

प्रत्येक प्राण्याच्या आतड्यात त्याच्या आहाराला आणि शरीराला अनुकूल असे काही खास जिवाणू वास करतात. त्यांच्या डीएनएचा विशिष्ट तुकडा पाण्यात शोधणे हा नव्या पद्धतीचा गाभा आहे. पाण्याचा नमुना अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळतात, पडद्यावर अडकलेल्या जिवाणूंचा डीएनए वेगळा करतात आणि पीसीआर यंत्रात हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती तयार करून त्याचे मूळ प्रमाण मोजतात. हे काम काही तासांत होते.

मानवी मैल्यासाठी बॅक्टेरॉइड्स गटातील जिवाणूंची ‘एचएफ१८३’ ही खूण जगभर वापरली जाते. कुरवांसाठी कॅटेलिकोकस मॅरिमॅमेलियम या जिवाणूची खूण उपयोगी पडते. ‘जीएफडी’ ही २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली खूण हेलिकोबॅक्टर गटातील असून ती कुरव, हंस, बदक आणि कोंबडी यांच्या विष्ठेत आढळते. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काही किनाऱ्यांवर प्रशिक्षित कुत्र्यांकरवी कुरवांना पिटाळल्यावर पाण्यातील जिवाणू लक्षणीय घटले. दोष खरोखरच पक्ष्यांचा असल्यामुळे तेथे तो उपाय लागू पडला.

हैदराबादचा दाखला

हे तंत्र भारताला अपरिचित नाही. हैदराबादमध्ये मलकपेठ आणि अंबरपेठ यांच्यामधून वाहणाऱ्या मुसी नदीतील घाण कोठून येते, हे शोधण्यासाठी जनुकीय चाचणीची गरज नाही; शहराचे सांडपाणी तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते. अंबरपेठेत दिवसाला ३३९ दशलक्ष लिटर क्षमतेचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहे. परंतु २०२० मध्ये त्याच शहरातील सीसीएमबी या संस्थेने सांडपाण्यातील कोरोना विषाणूच्या जनुकीय खुणा पीसीआरने मोजून संसर्गाचा अंदाज बांधला. मैलापाण्यातून जनुकीय माहिती मिळवण्याचे हे कौशल्य किनाऱ्यावरील पाण्यासाठीही वापरता येईल.

सावधगिरी आवश्यक

या चाचण्या निर्दोष नाहीत. मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मोजला जातो, त्यामुळे धोका टळून गेल्यावरही खूण दिसू शकते. मातीतील काही द्रव्ये पीसीआरची प्रक्रिया रोखतात. ‘जीएफडी’ खूण प्रत्येक पक्ष्यात सापडत नाही. म्हणून ती न दिसल्यास पक्षी निर्दोष ठरत नाहीत. ती दिसली तरी पाण्यात आलेली विष्ठा कुरवांची की चिकन दुकानांच्या नाल्यात गेलेल्या कचऱ्यातील, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. शिवाय परदेशात पारखलेली खूण येथील पक्षी, गुरे आणि सांडपाणी यांच्या नमुन्यांवर आधी तपासून घ्यावी लागते.

गोव्यासाठी महत्त्व

केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांमध्ये गोव्यातील ११ पट्टे होते. मडगावच्या खारेबांधपासून मोबोरपर्यंतची साळ नदी त्यांपैकीच एक. राज्यात अनेक ठिकाणी मैलावाहिनी नसल्याने घरे सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्यांवर अवलंबून आहेत. जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात हे पाणी ओढ्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

ऋतुमानाचाही येथे उपयोग करून घेता येईल. कुरव उन्हाळ्यात उत्तरेकडे परततात. पावसाळ्यात त्यांचे थवे नसताना मानवी खूण वाढली, तर दोष टाक्यांचा व नाल्यांचा ठरेल. हिवाळ्यात थव्यांजवळच्या पाण्यात केवळ पक्ष्यांची खूण आढळली, तर किनाऱ्यावर खाद्य व कचरा टाकण्यास आळा घालणे पुरेसे होईल. दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था असल्याने असे काम राज्यातच होऊ शकते.

मैलावाहिन्यांवर कोट्यवधी रुपये खर्च करण्यापूर्वी, किंवा पक्ष्यांवर दोष ढकलून तो खर्च टाळण्यापूर्वी, पाण्याला त्याचा उगम विचारणे हेच शहाणपणाचे आहे.