विद्यापीठीय नेटवर्क ड्राइव्ह

नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे दूरच्या सर्व्हरवर असलेली, परंतु वैयक्तिक संगणकावर स्थानिक डिस्कप्रमाणे दिसणारी साठवणुकीची जागा होय. विद्यार्थी, प्राध्यापक व विभाग यांच्या फाइली एका ठिकाणी राहाव्यात आणि आवारातील कोणत्याही संगणकावरून उघडता याव्यात, यासाठी विद्यापीठे अशा ड्राइव्हचा वापर करतात. वैयक्तिक संगणक या जागेला जोडण्याच्या क्रियेस ड्राइव्ह 'मॅप करणे' किंवा 'माउंट करणे' असे म्हणतात. जोडणीनंतर ही जागा संगणकाचाच भाग असल्याचा भास होत असला, तरी फाइल कोणाला दिसेल, किती जागा मिळेल आणि पुसलेली फाइल परत मिळेल की नाही, हे सर्व्हरच्या नियमांनुसार ठरते.

## इतिहास

नेटवर्क ड्राइव्हच्या विकासात विद्यापीठांचा मोठा वाटा आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएम कंपनीच्या सहकार्याने 'अँड्र्यू' प्रकल्प राबवला. अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या दोघांच्या समान नावावरून प्रकल्पाला हे नाव मिळाले. त्यातून अँड्र्यू फाइल सिस्टिम (एएफएस) निर्माण झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे १९८३ मध्ये 'अथेना' प्रकल्प सुरू झाला. जाळ्यावरून पासवर्ड न पाठवता वापरकर्त्याची ओळख पटवणारी 'कर्बेरॉस' पद्धत ही या प्रकल्पाची देणगी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये नेटवर्क फाइल सिस्टिम (एनएफएस) विकसित केली.

वैयक्तिक संगणकांमध्ये मात्र सर्व्हर मेसेज ब्लॉक (एसएमबी) हा संकेत रूढ झाला. त्याची सुरुवात आयबीएममध्ये झाली व पुढे मायक्रोसॉफ्टने त्याचा विस्तार केला. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीमधील पीएच.डी.चे विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांना आपल्या डॉस संगणकावरून युनिक्स सर्व्हरवरील जागा वापरायची होती. त्यांनी जाळ्यावरून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण करून या संकेताची रीत उलगडली आणि १९९२ च्या प्रारंभी आपली आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. तीच पुढे 'सांबा' या नावाने प्रसिद्ध झाली. इंग्रजी शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधताना हे नाव सापडले.

## जोडणीची पद्धत

जोडणीसाठी सर्व्हरचे नाव, सामायिक फोल्डरचे नाव आणि विद्यापीठाचे खाते या तीन गोष्टी आवश्यक असतात.

विंडोजमध्ये पत्त्याच्या आरंभी दोन उलट्या तिरप्या रेघा, नंतर सर्व्हरचे नाव, पुन्हा एक रेघ व शेवटी फोल्डरचे नाव लिहितात. फाइल एक्सप्लोररमधील 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' या पर्यायातून हा पत्ता देऊन ड्राइव्हला एक इंग्रजी अक्षर नेमून दिले जाते. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी व सी हे अक्षर मुख्य डिस्कसाठी रूढ असल्यामुळे नेटवर्क ड्राइव्हसाठी सहसा वर्णमालेच्या शेवटाकडील अक्षरे निवडतात. मॅक संगणकावर फाइंडरच्या 'गो' मेनूतील 'कनेक्ट टू सर्व्हर' हा पर्याय वापरतात. लिनक्समध्ये फाइल व्यवस्थापकातून किंवा 'माउंट' आज्ञेने जोडणी करता येते.

जोडणी न होण्याची काही कारणे वारंवार आढळतात :

* वैयक्तिक संगणक विद्यापीठाच्या डोमेनचा सदस्य नसल्यास विंडोज प्रथम संगणकावरील स्थानिक वापरकर्त्याचे नाव पाठवते व सर्व्हर ते नाकारतो. अशा वेळी वेगळे खाते वापरण्याचा पर्याय निवडून वापरकर्त्याच्या नावाआधी डोमेनचे नाव लिहावे लागते.
* पासवर्ड बदलल्यानंतरही संगणक जतन केलेला जुना पासवर्ड पाठवत राहतो. वारंवार चुकीचा पासवर्ड गेल्यास खाते तात्पुरते बंद होऊ शकते.
* कर्बेरॉस पद्धतीत सर्व्हर आणि संगणक यांच्या घड्याळांत सहसा ५ मिनिटांहून अधिक फरक चालत नाही.
* विंडोज एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगळ्या खात्यांनी जोडणी करू देत नाही. आधीची जोडणी प्रथम तोडावी लागते.

## आवाराबाहेरून वापर

एसएमबी संकेत टीसीपी पोर्ट ४४५ वापरतो. मे २०१७ मध्ये पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने या संकेताच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेतला. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच दिली होती, परंतु असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. चीनमधील अनेक विद्यापीठांनाही या विषाणूचा फटका बसला. हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवणे धोक्याचे असल्यामुळे आवाराबाहेरून ड्राइव्ह वापरताना प्रथम विद्यापीठाच्या व्हीपीएनशी जोडून घ्यावे लागते.

## परवानग्या

एएफएसमध्ये प्रत्येक फोल्डरसाठी वाचणे, यादी पाहणे, भर घालणे, पुसणे, लिहिणे, कुलूप लावणे व व्यवस्थापन करणे असे सात स्वतंत्र अधिकार देता येतात. त्यांचा शैक्षणिक उपयोग स्वाध्यायाच्या फोल्डरमध्ये दिसतो. विद्यार्थ्याला भर घालण्याचा अधिकार देऊन वाचण्याचा अधिकार न दिल्यास तो आपला स्वाध्याय जमा करू शकतो, पण इतरांचे स्वाध्याय वाचू शकत नाही. विंडोज सर्व्हरवर सामायिक फोल्डरची परवानगी आणि फाइलीची परवानगी असे दोन स्तर असतात. जाळ्यावरून येणाऱ्या वापरकर्त्याला त्यांपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते.

## राखीव प्रती व माहितीचे नुकसान

विंडोजमध्ये मॅप केलेल्या ड्राइव्हवरील फाइल पुसल्यास ती सहसा संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती परत मिळणे सर्व्हरवरील राखीव प्रतींवर अवलंबून असते. अनेक सर्व्हर ठरावीक काळाने फोल्डरची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवतात आणि विंडोजमध्ये ती 'प्रीव्हियस व्हर्जन्स' या पर्यायात दिसते. एमआयटीच्या अथेना यंत्रणेत वापरकर्त्याच्या फोल्डरमधील 'ओल्डफाइल्स' या उपफोल्डरमध्ये आदल्या रात्रीची प्रत मिळत असे.

मात्र राखीव प्रत घेणारी यंत्रणाही निर्दोष नसते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकाच्या सामायिक साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट माहिती नष्ट झाली. १४ संशोधक गटांच्या सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली त्यात होत्या. राखीव प्रत घेणारी आज्ञावली चालू असतानाच बदलली गेल्याने जुन्या नोंदींऐवजी प्रत्यक्ष फाइली पुसल्या गेल्या आणि काही गटांची माहिती परत मिळू शकली नाही. म्हणूनच प्रबंध व संशोधनाची माहिती किमान आणखी एका स्वतंत्र ठिकाणी ठेवणे हिताचे ठरते. शिक्षण संपल्यावर खाते बंद झाले की त्यासोबत ड्राइव्हवरील प्रवेशही संपतो, त्यामुळे त्याआधीच फाइली उतरवून घ्याव्या लागतात.

## देवनागरी नावे

आधुनिक नेटवर्क ड्राइव्हवर फाइलींना मराठी नावे देता येतात. तथापि 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या दोन नावांना सर्व्हर वेगवेगळ्या फाइली मानू शकतो. विंडोजवरील अनेक आज्ञावल्यांमध्ये फाइलीच्या संपूर्ण पत्त्याला २६० वर्णांची मर्यादा असते. या मोजणीत स्वरचिन्हे व हलन्त स्वतंत्र धरले जात असल्याने 'क्षेत्र' हा दोन अक्षरी शब्द ७ वर्णांचा ठरतो. खोलवर गेलेल्या फोल्डरांत लांब मराठी नावे दिल्यास ही मर्यादा लवकर गाठली जाते.