वऱ्हाड घडवणारे वऱ्हाडाबद्दल म्हणतात तरी काय?

वऱ्हाड म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ठरावीक गोष्टी येतात. ऊन, कापूस, नापिकी आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. त्यातलं काही खोटं नाही. अमरावती विभागातल्या आत्महत्या हे आपल्या सगळ्यांच्या घराजवळचं दुःख आहे. पण एवढंच म्हंजे वऱ्हाड काय?

चिमामांडा अदिची या नायजेरियन लेखिकेनं २००९ च्या एका गाजलेल्या भाषणात नेमकं हेच आफ्रिकेबद्दल सांगितलं. एखाद्या मुलखाची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की ती खोटी नसली तरी अपुरी राहते, असा तिचा मुद्दा. आफ्रिका म्हंजे दुष्काळ, रोगराई, लढाया, असं जग धरून चाललेलं. पण त्याच आफ्रिकेत केनियानं २००७ साली मोबाईलवरून पैसे पाठवायची 'एम-पेसा' ही सोय सुरू केली. तेव्हा आपल्याकडं मनीऑर्डरची वाट पाहणारे होस्टेलचे पोट्टे होते! मलावीतल्या विल्यम कामक्वाम्बानं २००१-०२ च्या दुष्काळात फीअभावी शाळा सुटल्यावर गावच्या वाचनालयातली पुस्तकं पाहून सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा पंखा आणि निलगिरीची लाकडं जोडून पवनचक्की उभी केली. घरात बल्ब पेटला. आपल्या फायनल इयरच्या कित्येक प्रोजेक्टांना हे जमत नाही, बाप्पा!

म्हणून मला वाटलं, आपल्या मुलखात ज्यांनी काही घडवलं त्यांनी वऱ्हाडाकडं कसं पाहिलं, ते एकदा मांडावं.

सोन्याची कुऱ्हाड कुठून आली?

'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला भाव चढला. १८६७ मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरपर्यंत गेली. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला. स्टेशनाजवळ जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि गाडीत चढवायच्या. काही कापडगिरण्या इकडंही निघाल्या, पण बहुतेक माल गाठीच्या रूपात बाहेरच गेला. सोनं इथलं, दागिना दुसरीकडं घडला. आफ्रिकेतही तसंच. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश पिकवतात, पण चॉकलेटचे मोठे ब्रँड युरोप-अमेरिकेचे.

ही गोम लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक माणसानं आपल्या परीनं हिलाच हात घातला आहे.

डॉ. पंजाबराव देशमुख : शिकलेला शेतकरी

अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली जन्म. इंग्लंडात जाऊन बॅरिस्टर आणि डॉक्टर झाले आणि परत आले. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून लढले. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढं देशाचे कृषिमंत्री झाले. १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला आणि १९५९-६० मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. या सगळ्या कामामागं मला एकच विचार दिसतो. वऱ्हाड गरीब आहे ते जमीन वाईट म्हणून नाही. शेतकऱ्याच्या पोराला शाळा नाही आणि शेतकऱ्यांची एकजूट नाही, म्हणून आहे.

त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ अकोल्याला १९६९ पासून आहे. तिथल्या इंजिनिअरांनी केलेली 'पीकेव्ही मिनी दाल मिल' पहा. आपला शेतकरी तूर बाजार समितीत विकतो आणि किराणा दुकानातून डाळ विकत आणतो. मधला नफा गेला कुठं? अकोल्यात मोठ्या डाळ मिल पुष्कळ आहेत, पण गावात? तुरीचं टरफल दाण्याला डिंकासारख्या पदार्थानं घट्ट चिकटलेलं असतं. म्हणून आधी खरबरीत रोलरवर दाण्याला ओरखडे पाडायचे, मग तेलाचा हात द्यायचा, पाणी लावायचं, वाळवायचं, आणि पुन्हा रोलरमधून काढायचं. मग टरफल सुटतं आणि दाण्याचे दोन भाग होतात. पंख्याच्या हवेनं टरफल उडतं, चाळणीनं चुरी वेगळी होते. शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ हाती येते. हे काम गावातच, बचतगटालाही झेपेल अशा लहान मशीनवर करणं हाच तिचा हेतू. रॉकेट सायन्स नाही, पण मुलखाचं दुखणं ओळखून केलेलं डिझाईन आहे.

विठ्ठल वाघ : बोलीची लाज कशाले?

अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडी बोलीत कविता लिहिली आणि मंचावर ठणकावून म्हटली. त्यांचं तिफनीचं गाणं १९८१ च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटातून महाराष्ट्रभर गेलं. शहरी मित्रांसाठी सांगतो, तिफन म्हंजे तीन फणांचं पेरणीयंत्र. वर चाडं, त्याला तीन नळ्या, आणि चाड्यात मुठीनं बी सोडणारी बाई. किती दाणे, किती वेगानं, हे तिच्या बोटांना माहीत. मेकॅनिकलवाल्यांनो, सीड मीटरिंग सिस्टीम ती हीच!

त्यांच्या आधी उद्धव शेळके यांनी 'धग' या १९६० च्या कादंबरीत वऱ्हाडी संवाद आणले. परतवाड्याला जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी 'पूर्णामायची लेकरं' या कादंबरीत पूर्णाकाठची बोली आणली. प्रतिमा इंगोले यांनी इथल्या बायांचं जग कथांमध्ये मांडलं. या मंडळींचं म्हणणं मला असं कळतं की बोली म्हंजे अशुद्ध मराठी नव्हे, ते या मातीचं ज्ञान साठवायचं भांडं आहे. इंटरव्ह्यूत 'काऊन' तोंडून निघेल म्हणून धास्तावणाऱ्या आपल्या पोरांनी हे ध्यानात घ्यावं.

सुरेश भट : विद्या वाटून टाका

१९३२ साली अमरावतीत जन्मलेले सुरेश भट. लहानपणी पोलिओनं पाय अधू झाला. 'रूपगंधा', 'रंग माझा वेगळा', 'एल्गार' हे त्यांचे संग्रह. मराठी गझल त्यांनी नुसती लिहिली नाही, तर 'गझलेची बाराखडी' लिहून तिचं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं. काफिया कसा, रदीफ कशी, वृत्त कसं सांभाळायचं, सगळं उघड. आपल्या भाषेत सांगायचं तर कोडसोबत मॅन्युअलही दिलं. त्यामुळं गावोगावी गझल लिहिणारे तयार झाले. साहित्याचं केंद्र पुण्या-मुंबईतच असतं, या समजाला हे त्यांचं उत्तर.

सुभाष पाळेकर आणि लवादा

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. रासायनिक शेती करून पाहिल्यावर उत्पन्न घटत गेलं, म्हणून ते वेगळ्या वाटेला लागले. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती, हे त्यांचं एकरभराचं जीवामृत. खर्च बाहेर जाऊ नये, हा त्यांचा आग्रह. उत्पन्नाच्या दाव्यांबद्दल कृषिशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते प्रयोगानंच तपासले पाहिजेत. पण बियाणं-खतांपायी गावाचा पैसा गावाबाहेर जातो, हा त्यांचा प्रश्न काही चूक नाही.

मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी कोरकू आणि इतर कारागिरांसोबत संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. बांबूत स्टार्च असतो, म्हणून त्याला भुंगा लागतो. बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात मुरवला की तोच बांबू वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याचं फर्निचर, राख्या, घर, काहीही होतं. गंमत म्हंजे कायद्यानं बांबू हे गवत नसून 'झाड' होतं. वनाबाहेरच्या बांबूपुरती ही व्याख्या बदलायला २०१७ उजाडलं! आदिवासी मागास नाही, त्याच्या हातातल्या कौशल्याला बाजार आणि कायदा साथ देत नव्हता, हे या कामातून दिसतं.

मग आपलं काय?

या सगळ्यांची क्षेत्रं वेगळी, मतंही एकसारखी नाहीत. पण एक धागा सारखा आहे. कोणीही 'इथं काही नाही' असं म्हटलं नाही. 'इथं जे आहे त्याचं मोल इथंच का होत नाही?' हा प्रश्न त्यांनी विचारला.

कॅम्पस झाला की आपली अर्धी बॅच पुणे-हैदराबादची बॅग भरते. जाण्यात पाप काहीच नाही. पंजाबराव तर सातासमुद्रापार गेले होते. प्रश्न इतकाच की जाताना सोबत काय नेतो आणि परत काय पाठवतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अजून तिथंच आहे. विहिरीचं पाणी खारं, त्यानं ओलीत करावं तर जमीन बिघडते. शेततळ्याचं गणित, गोड्या पाण्याची साठवण, स्वस्त सोलर ड्रायर, बांबूचे जोड, असे कितीतरी विषय आपल्या गावाच्या शिवारात पडले आहेत. दरवर्षी तीच ती 'लाईन फॉलोअर' गाडी करण्यापेक्षा यातला एखादा विषय प्रोजेक्टला घ्या. गाईड सरांना आधी विचारा, आणि त्या गावच्या शेतकऱ्याला त्याच्याही आधी!