कौशल्याचा पेपर वेगळा कशाला?

खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लागली की आधी ओल तपासली जाते. भारतीय कापूस महामंडळाचा, म्हणजे ‘सीसीआय’चा, पूर्ण हमीभाव ८ टक्के ओलाव्याला. त्यापुढे ओल वाढेल तसा भाव उतरतो आणि १२ टक्क्यांवर गेली तर गाडी परत. जळगाव जिल्ह्याच्या पहूर-जामनेर पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. तोच पोरगा शेंदुर्णीला, जामनेरला नाहीतर जळगावला बी.कॉम.ला जातो आणि कॉस्टिंगच्या वहीत तेलशुद्धीकरण कारखान्याची गणितं उतरवत बसतो. वर, त्याला नोकरीचं कौशल्य नाही म्हणून आपण त्याच्यासाठी आणखी एक पेपर काढतो.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण आलं. मुख्य विषयासोबत ‘व्हीएससी’, ‘एसईसी’ असे कौशल्याचे पेपर आले, क्षेत्रप्रकल्प आला. राज्याच्या आराखड्यात सहाव्या सत्राला ४ क्रेडिटचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट ३० तासांचं, म्हणजे एकूण १२० तास. कागदावर हे सगळं चांगलंच आहे. भीती आहे ती आपल्या सवयीची. संवादकौशल्याच्या पेपरात ‘संवादाचे प्रकार लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न आला, की मुलगा प्रकार पाठ करतो आणि मुलाखतीत तोंड उघडत नाही. ट्रेनिंगचंही तेच. ओळखीच्या दुकानाचा शिक्का मिळाला की १२० तास भरले!

ब्रिटनमध्ये १९९७च्या डिअरिंग अहवालाने पदवीधराला संवाद, आकडेमोड, संगणक आणि शिकायचं कसं हे आलंच पाहिजे, असं सांगितलं. मग ते वेगळ्या तासाला शिकवायचं की विषयातच मुरवायचं, यावर तिथेही खल झाला. आपल्याकडे गांधीजींनी १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हातच्या उद्योगातूनच शिकवा म्हटलं होतं. पण ते पुढे मागे पडलं.

विषयात मुरवायचं म्हणजे काय, ते जिनिंगमध्ये दिसतं. क्विंटलभर कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटलच्या आसपास कापूस. रुई गिरणीला जाते, सरकी तेलाला आणि पेंडीला. मग कापसाचा खर्च रुईवर किती टाकायचा आणि सरकीवर किती? कॉस्टिंगमधला संयुक्त उत्पादनाचा धडा तो हाच. मुलांना महिनाभराच्या तोलपावत्या द्या. त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता मांडावा, उतारा अर्ध्या किलोने घटला तर गाठ कितीला पडते ते काढावं आणि दोन पानी टिपण घेऊन जिनमालकासमोर उभं राहावं. मालक पहिल्याच मिनिटाला विचारील, ‘घट कुठं धरली?’ उत्तर देताना जे सुचतं आणि जे सुचत नाही, ते कुठल्याही गाइडात मिळणार नाही. हिशेब, संगणक, लिहिणं, बोलणं, सगळं एकाच कामात आलं आणि कॉस्टिंगही पक्कं झालं.

इतिहासाच्या मुलांना अजिंठा जवळ आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी परगावच्या पाहुण्याला हिंदीत दहा मिनिटं समजावून सांगा, एवढी परीक्षा ठेवली तरी पुरे.

अडचण खरी आहे ती प्राध्यापकाची. कित्येक महाविद्यालयांत शिकवणारे तासिका तत्त्वावर आहेत. वर्गातल्या तासाचे पैसे मिळणाऱ्या माणसाने जिनिंगच्या फेऱ्या कुणाच्या हिशेबात मारायच्या? त्या फेऱ्या कार्यभारात धरल्या नाहीत, तर नवं धोरण शिक्क्यांवरच चालेल. मुलांच्या एसटी भाड्याचाही विचार हवा. प्रत्येकाला जळगावच्या एमआयडीसीत रोज जाणं परवडणारं नाही. म्हणून तालुक्यातलेच उद्योग धरावे लागतील.

त्यातल्या त्यात वेळापत्रक आपल्या बाजूने आहे. जिनिंगचा भर दिवाळीपासून मार्चच्या आसपासपर्यंत असतो आणि सहावं सत्र साधारण त्याच दिवसांत सुरू असतं. २०२४-२५ला दाखल झालेली पहिली तुकडी त्या सत्रात पोचते २०२६-२७मध्ये. प्राचार्यांनी जिनमालकांशी बोलायचं ते दसऱ्याच्या आधी, कारण एकदा गाड्यांची रांग लागली की मालकाला विद्यार्थ्यांसाठी वेळ मिळायचा नाही.