नर्मदेचा महासीर: सुटका झाली, पुढे काय?

१९५८ ते १९६६ या काळात सरकारी मत्स्यशास्त्रज्ञांनी नर्मदेतल्या मासेमारीचा बारकाईने अभ्यास केला. मध्य प्रदेशात होशंगाबादच्या आसपास जाळ्यात येणाऱ्या मासळीत तेव्हा महासीराचा वाटा मोठा होता. हीच नदी पुढे अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांना वळसा घालत सुमारे ५४ किलोमीटर महाराष्ट्राची सीमा बनते.

महासीर एका जागी राहणारा मासा नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की तो मोठी नदी सोडून उपनद्यांत शिरतो, खळाळत्या पाण्यात गोट्या-वाळूवर अंडी घालतो आणि पूर ओसरला की खोल डोहात परततो. त्यामुळे गळाला लागलेला महासीर जिवंत सोडला तरी एक प्रश्न उरतोच: तो जाणार कुठे?

अमेरिकेत हा प्रश्न बास माशाबद्दल विचारला गेला. तिथल्या स्पर्धांत पकडलेले मासे तळ्याच्या दुसऱ्याच टोकाला सोडले जातात. २००३ साली अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा मोठ्या तोंडाचे बास सरासरी १४ टक्के आणि लहान तोंडाचे ३२ टक्केच पकडल्या जागी परतल्याचं दिसलं. मोठ्या तोंडाचे जवळपास निम्मे तर सोडल्या जागेच्या दीड किलोमीटरच्या आतच राहिले.

आपल्याकडे पकडून सोडण्याची रीत कावेरीवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस मूळ धरू लागली. दमलेला महासीर सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे करतात, पोटाखाली हात धरतात, कल्ले एका लयीत हलू लागेपर्यंत थांबतात. शेपटीत बळ आलं की तो स्वतःच हातातून निसटतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कावेरीवरच्या संशोधनात असे बहुतेक मासे तगल्याचं दिसलं. मात्र झुंज लांबली की थकवाही वाढत होता.

पण त्याच नदीवरच्या गळ-मासेमारीच्या शिबिरांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदी अस्वस्थ करणाऱ्या आहेत. गळाला लागणाऱ्या महासीरांची संख्या वाढत गेली, पण कावेरीचा स्वतःचा मोठ्या कुबडाचा महासीर घटत गेला आणि त्याची जागा निळसर परांच्या महासीराने घेतली. हा पाहुणा आपल्या लोणावळ्याशी जोडलेला. तिथल्या टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीराची पैदास झाली आणि बीज दूरदूरच्या नद्यांत गेलं. हेतू चांगला होता, पण एका नदीचा मासा दुसरीत सोडणं हा संवर्धनाचा मार्ग नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

नर्मदेवर वेगळंच घडलं. इथे मासा होता तिथेच राहिला, पाणी मात्र बदललं. १९९३ च्या पावसाळ्यात नर्मदाकाठच्या मणिबेली गावात सरदार सरोवर धरणाचं पाणी शिरलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताच्या यादीत होती. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. वाहती नदी संथ झाली, उपनद्यांच्या मुखांशी फुगवटा पसरला आणि जिथे पाणी थबकतं तिथे गोट्यांवर गाळ बसतो. अशा तळ्यात कटला-रोहू वाढतात, महासीराला अंडी घालायला मात्र वाहतं पाणी लागतं.

घरं-शेतं बुडालेल्या काही आदिवासी कुटुंबांनी याच पाण्यात होड्या घातल्या, जाळी टाकली. हाती आलेला मासा सोडून द्या, असं त्यांना फुकट सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण उदईसारख्या उपनद्या जिथे जलाशयाला मिळतात, तिथून वर अजूनही खळाळतं पाणी आहे. पावसाळ्याच्या त्या काही आठवड्यांत मुखाशी जाळं न लावण्याबद्दल मच्छीमारांना रोख भरपाई द्यावी, जाळ्यात आलेली अंड्यांनी भरलेली मादी सोडली तर तिची बाजारभावाने किंमत चुकवावी आणि सोडण्याआधी तिला खूण करून तिची नोंद त्यांच्याच हाती द्यावी. ती मादी पुढे कुठे सापडते, हे सगळ्यात आधी त्यांनाच कळेल.