रुक्मिणीचे पत्र आणि भाड्याचा दूत

हुबळीहून कलघटगी, यल्लापूर करीत अरबैल घाट उतरणारा रस्ता अंकोल्यापाशी समुद्राला भेटतो. तेथून कारवारच्या वाटेवर ‘आयएनएस कदंब’ हा नौदलाचा तळ लागतो. ३१ मे २००५ रोजी तो अधिकृतपणे कार्यान्वित झाला आणि ‘विक्रमादित्य’सारख्या विमानवाहू नौकेचे घर बनला. धारवाड व कारवार हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात एकत्र होते. घाटावरच्या माणसाला समुद्र परका नाही, आणि ह्या तळाने तर तो अधिकच जवळ आणला आहे. म्हणूनच एक प्रश्न हुबळी-धारवाडच्या वाचकांपुढेही मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. ह्या तळावरून निघालेली युद्धनौका क्षितिजाआड गेली म्हणजे किनाऱ्याशी तिचे बोलणे कोणाच्या मार्फत चालते? आणि ज्याच्या मार्फत चालते, तो आपला आहे की भाड्याचा?

पूर्वी हे काम बिनतारी यंत्रावर भागत असे. त्यात आवाज अस्पष्ट येई, हवामान बिघडले की संपर्क तुटे, आणि सर्वांत वाईट म्हणजे ते बोलणे शत्रूच्याही कानी पडे. १९७१ च्या डिसेंबरात कराचीवर चालून गेलेल्या आपल्या क्षेपणास्त्र नौकांवरील नौसैनिक आपसांत रशियन भाषेत बोलत होते, ही हकिकत प्रसिद्धच आहे. सोव्हिएत संघात शिकून आल्यामुळे ती भाषा त्यांच्या जिभेवर होती, आणि चोरून ऐकणाऱ्याला तिने चकविले. परंतु अशी युक्ती एकदा साधते, तिच्यावर कायमची व्यवस्था उभी राहत नाही.

ती व्यवस्था उपग्रहांनी दिली. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीवरून एका जागी स्थिर भासतो. जहाजाच्या डोलकाठीजवळ दिसणाऱ्या पांढऱ्या घुमटात एक तबकडी असते. जहाज कितीही हेलकावले तरी ती त्या एका बिंदूकडेच तोंड करून राहते. कमी कंप्रतेच्या लहरी पावसाला जुमानत नाहीत, पण त्यांतून मजकूर थोडा जातो. जास्त कंप्रतेच्या लहरींतून चित्रे व नकाशेही झपाट्याने जातात, मात्र आपल्याकडील मोसमी पावसाच्या धारा त्यांना क्षीण करतात. शिवाय जहाजाने संदेश धाडला की त्याचा ठावठिकाणा शत्रूला लागण्याचा संभव असतोच. म्हणून कोणतेही जाणते नौदल एकाच मार्गावर विसंबत नाही, आणि प्रसंगी संपूर्ण मौनही पाळते.

आता गंमत अशी की, समुद्रावरील व्यापारी उपग्रहसेवेचा जन्मच नौदलाच्या भाड्यातून झाला. १९७६ साली अमेरिकेच्या कॉमसॅट कंपनीने ‘मारिसॅट’ मालिकेतील तीन उपग्रह अटलांटिक, प्रशांत आणि हिंदी महासागरांवर स्थिर केले. त्यांतील काही वाहिन्या अमेरिकन नौदलाने भाड्याने घेतल्या आणि उरलेल्यांवर व्यापारी जहाजे बोलू लागली. पुढे १९७९ साली ‘इनमारसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या करारात केवळ शांततामय कार्याचाच उल्लेख होता, तरीही जगातील नौदले तिची गिऱ्हाईके झाली. १९९९ मध्ये ती खाजगी कंपनी झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या ‘व्हायासॅट’ने ती विकत घेतली. राष्ट्रांच्या सामायिक मालकीची संस्था पाव शतकात अशी एका परदेशी कंपनीच्या पदरात गेली. भाडेकरूला घरमालक निवडता येत नाही, हेच खरे!

आपले नौदलही अनेक वर्षे ह्या परकीय सेवेवर अवलंबून होते. ३० ऑगस्ट २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधून ‘जीसॅट-७’ हा उपग्रह झेपावला आणि ती पराधीनता बरीचशी सरली. नौदलाने त्याला ‘रुक्मिणी’ म्हटले. पुढच्याच वर्षीच्या सरावात ह्या एका उपग्रहाने सुमारे ६० जहाजे आणि ७५ विमाने एका जाळ्यात गुंफली. एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ ज्यांच्या घरात वाचले जाते त्यांना ह्या नावाचे औचित्य सांगायला नको. सागरतीरावरच्या द्वारकेला रुक्मिणीने जे गुप्त पत्र पाठविले, ते विश्वासू सुदेव ब्राह्मणाच्या हाती. ते पत्र रुक्मीच्या हाती पडते तर पुढची कथाच घडती ना!

परंतु ह्या आनंदात एक उणीव राहून गेली. रुक्मिणीचे नियोजित आयुष्य सात वर्षांचे होते. तिच्या जागी यावयाच्या ‘जीसॅट-७आर’साठी नौदलाने इस्रोशी करार केला तो २०१९ मध्ये, सुमारे १,५८९ कोटी रुपयांचा, आणि तो उपग्रह श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला २ नोव्हेंबर २०२५ रोजी. ४,४१० किलो वजनाचा हा उपग्रह आपल्याच प्रक्षेपकाने आपल्याच भूमीवरून वर नेला, ह्याचा अभिमान प्रत्येकाला वाटावा. तथापि सात वर्षांच्या दूताला बारा वर्षे राबवावे लागले, हेही नमूद केले पाहिजे. जुन्या उपग्रहाने तग धरला हे आपले भाग्य. भाग्याला नियोजन म्हणता येत नाही.

अशा वेळी भाड्याची सेवा हाताशी असते, मग चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने युक्रेनकडे पाहावे. त्या देशाच्या सैन्याला ‘स्टारलिंक’ ह्या खाजगी उपग्रहसेवेने मोठा आधार दिला. पण क्रिमियाच्या किनाऱ्याजवळ ती सुरू करण्याची विनंती आपण मान्य केली नाही, असे कंपनीच्या मालकानेच २०२३ मध्ये सांगितले. त्या मालकाचा निर्णय योग्य की अयोग्य हा वाद बाजूस ठेवू. युद्ध एका राष्ट्राचे आणि कळ दुसऱ्या देशातील एका नागरिकाच्या हाती, ही स्थिती कोणत्याही स्वाभिमानी देशाला परवडणारी नाही.

म्हणून व्यापारी उपग्रहांना समुद्रावर मज्जाव करावा काय? मुळीच नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात एकट्याने शिडाची नौका हाकणारे आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी वादळात जबर जखमी झाले. गोव्यात बांधलेली त्यांची ‘थुरिया’ डोलकाठी मोडून लाटांवर पडली होती. उपग्रहामार्फत संदेश धाडणाऱ्या एका छोट्या यंत्रावरून त्यांनी आपली अवस्था कळविली, आपल्या विमानाने नौका शोधून काढली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. संकटात धावून येणारा दूत कोणाचा, हे कोणी विचारत नाही.

दुसरी गरज घराची. महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या जवानाला आईचा आवाज ऐकावासा वाटतो, मुलाचा निकाल कळावासा वाटतो. ही भूक दडपली तर ती आडवाट शोधते. २०२३ मध्ये ‘मँचेस्टर’ ह्या अमेरिकन युद्धनौकेवरील काही नायकांनी स्टारलिंकची तबकडी परवानगीवाचून बसविली आणि आपल्यापुरते जाळे चालविले. शिक्षा झाली हे योग्यच झाले. पण जी सोय अधिकृतपणे मिळत नाही ती चोरून मिळविली जाते, आणि त्या चोरवाटेने शत्रूही आत शिरू शकतो, हा धडा सर्व नौदलांनी घेण्याजोगा आहे.

आमच्या मते ह्यातून मार्ग सरळ निघतो. आज्ञेचा आणि युद्धाचा संदेश जाईल तो स्वदेशी उपग्रहावरूनच, आणि एक उपग्रह आकाशात गेला की त्याच्या वारसाचे काम त्याच दिवशी सुरू झाले पाहिजे. घरगुती बोलणे, हवामान, रसद आणि मदतकार्य ह्यांसाठी व्यापारी सेवा खुशाल घ्यावी. मात्र ती एकाच कंपनीकडून नको. तिचे भूकेंद्र भारतात असावे, गुप्तलेखनाच्या किल्ल्या आपल्याच हाती असाव्यात, आणि ऐन युद्धात सेवा बंद करण्याचा अधिकार कंपनीला राहू नये. २०२५ च्या जूनमध्ये स्टारलिंकला आपल्या देशात परवाना मिळाला आहे. अशा कंपन्यांशी करार करताना ह्या अटी विसरल्या जाऊ नयेत.

ह्या कामात आपल्या परिसराचा वाटा लहान नाही. इस्रोच्या उपग्रहांवर लक्ष ठेवणारे केंद्र ह्याच राज्यात हासनला आहे. धारवाडला आय.आय.टी. आहे आणि हुबळीत अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा १९४७ पासूनची. डोलणाऱ्या जहाजावर स्थिर राहणारी तबकडी आणि अभेद्य गुप्तलेखन हे विषय येथील तरुणांच्या बुद्धीला साजेसे आहेत, आणि कारवारचा तळ त्यांच्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे.

स्वातंत्र्य मिळविणाऱ्या पिढीने परक्या राजवटीच्या डाकखान्यातून जाणारे पत्र वाटेत फोडले जाते, हे अनुभवले होते. आपले पत्र आपल्या विश्वासू माणसाच्या हाती द्यावे, हा तिने शिकलेला धडा समुद्रावरही तितकाच खरा आहे.