गावच्या यंत्रमंडळाला काय काय सामान लागेल?

भजनी मंडळ, गणेश मंडळ, क्रीडा मंडळ ही आपल्या गावांना नवी नाहीत. अलीकडे शाळा-कॉलेजात जाणारी मुले मात्र वेगळेच विचारू लागली आहेत. "साहेब, आम्हाला यंत्रमानव आणि संगणकावरचे नकाशे यांचे मंडळ काढायचे आहे. सामान काय आणावे?" वडीलमंडळी खर्चाच्या धास्तीने मान हलवतात. ती धास्ती अगदीच खोटी नाही. सामान आधी आणि काम मागून असा क्रम लावला की पेटी कपाटात धूळ खात पडते. म्हणून आधी काम ठरवा. पहिल्या वर्षाला दोनच कामे पुरेत: जमिनीतली ओल पाहून पाणी सोडणारे छोटे यंत्र, आणि गावच्या विहिरी, नाले व बांध दाखवणारा नकाशा.

हत्यारे आधी

पहिली खरेदी मल्टिमीटरची करा. बॅटरी उतरली की तार तुटली, हे तो लगेच सांगतो. त्यासोबत २५ वॅटची सोल्डरिंग लोखंडी, सोल्डरची तार, पक्कड, स्क्रूड्रायव्हरचा संच आणि डोळ्यांना लावायचे चष्मे घ्या. जोडकाम उघड्या खिडकीपाशी करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

यंत्राचा मेंदू

यासाठी अर्दुइनो ऊनो ही पट्टी चांगली. अर्दुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी विद्यार्थ्यांसाठीच झाला. तिचा आराखडा सर्वांना खुला असल्याने तशाच इतर पट्ट्याही बाजारात मिळतात. दोन-तीन पट्ट्या, जोडणीच्या तारा, ब्रेडबोर्ड, रिले, दोन लहान मोटारी आणि १२ व्होल्टचा छोटा पंप एवढ्यावर सुरुवात होते.

ओल मोजणारे संवेदक दोन प्रकारचे असतात. उघड्या धातूच्या दोन पायांचा स्वस्त पडतो, पण ओल्या मातीत वीज खेळल्याने त्याचे पाय गंजून जातात. कपॅसिटिव्ह प्रकारचा थोडा महाग, पण टिकतो. कोणताही घेतला तरी आपल्या मातीत पारखून घ्या. एकदा वाळलेल्या मातीत आणि एकदा भिजवलेल्या मातीत आकडा पाहून लिहून ठेवा. काळ्या मातीचा आकडा मुरमाड जमिनीला चालत नाही.

टाकीतले पाणी मोजायला एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या लहरींचा संवेदक घ्या. तो २ सेंटिमीटरपासून सुमारे ४ मीटरपर्यंतच मोजतो. म्हणजे घरच्या टाकीला ठीक, खोल विहिरीला निरुपयोगी.

एक गोष्ट बजावून सांगतो. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला मुलांनी हात लावायचा नाही. तिथे तीन फेजची ४१५ व्होल्ट वीज असते. मंडळाचे काम १२ व्होल्टच्या आतच ठेवा. पुढे खऱ्या पंपाला जोडणी करायचीच झाली, तर ती परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

नकाशासाठी

इथे खर्च कमी आहे, कारण मोबाइल बहुतेक घरांत आहे. क्यूफील्ड हे मोफत अॅप घेऊन फिरा आणि विहीर, नाला, झाड, पाणंद यांची टिपणे करा. मग शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावर क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत नकाशा मांडा. सोबत ३० मीटरचा टेप, खुंट्या आणि वही हवीच.

मात्र मोबाइलची मर्यादा ओळखा. उघड्या आभाळाखाली त्याची चूक ५ मीटरपर्यंत जाऊ शकते, झाडाखाली त्याहूनही जास्त. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बाजू जेमतेम १० मीटरची. तिथे ५ मीटर चुकले तर अर्धा गुंठा शेजाऱ्याच्या शेतात गेला! म्हणून मंडळाचा नकाशा बांधाच्या भांडणात कोणी पुढे करू नये. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी हीच खरी. भावकीत कटुता आली, तर मंडळ एका दिवसात मोडेल.

ड्रोन सगळ्यांत शेवटी

मुलांचा पहिला हट्ट ड्रोनचाच असतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला ठेवा. २०२१ च्या ड्रोन नियमांत वजनाप्रमाणे वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, पुढे २ किलोपर्यंत मायक्रो. आकाशाचेही हिरवा, पिवळा, लाल असे भाग पाडले आहेत. हे नियम समजून घेतल्याशिवाय पैसा गुंतवू नका.

सामान टिकावे म्हणून

एक कुलपाचे कपाट आणि एक नोंदवही ठेवा. कोणी काय नेले, कधी परत केले, हे लिहा. फुगलेली लिथियम बॅटरी वापरू नका, चार्जिंगला लावून घरी जाऊ नका. किल्ली एका मुलाकडे आणि एका मुलीकडे असू द्या. मुलींना नुसते बघायला बसवू नका, सोल्डरिंग लोखंडी त्यांच्याही हातात द्या.

आईबापांनो, यातून उद्या प्रत्येकाला नोकरी लागेल असे मी म्हणणार नाही. पण ज्या मुलाने आपल्या रानाची ओल मोजली आणि गावचा नाला कागदावर उतरवला, तो शेताकडे नव्या नजरेने पाहील. एवढ्यासाठी एक टेबल, एक कपाट आणि थोडा विश्वास द्यायला हरकत नाही.